धाकटी घागर

समुद्र मी आयुष्यात पाच आठवडेच पाहिला, आणि त्यातला निम्मा वेळ तो जागेवर नसायचा. सुरतेजवळच्या डुमसला ओहोटी लागली की पाणी इतकं लांब जातं, की समोर नुसता काळा ओला चिखल उरतो आणि त्याच्यापलीकडे एक चकाकती रेघ. आम्ही नंदुरबारकडच्या रनाळ्याची माणसं. नदी उन्हाळ्यात आटते हे आम्हाला ठाऊक होतं. पण सकाळी आटून संध्याकाळी पुन्हा भरते, हे माझ्या फुईच्या, म्हणजे आत्याच्या, गळी काही उतरेना. पहिल्याच दिवशी कमरेवर हात ठेवून ती ओसरीत उभी राहिली आणि म्हणाली, "हाई कसं पानी शे वं माय? याले काही धनी शे का नही?" जिजी हसली. हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली. आज डुमस म्हटलं की मला लाटा आठवत नाहीत. ते हसणं आठवतं आणि त्याच्या मागून आलेला तो खोकला.

जिजी म्हणजे माझी थोरली बहीण, जमना. मी चौदाची, ती विशीची. आमची माय शेतात नाहीतर मिरच्यांच्या खळ्यावर, त्यामुळे मला वाढवलं ते जिजीनेच. माझी वेणी ती इतकी घट्ट घालायची की डोळे तिरपे व्हायचे, आणि ओरडलं तर पाठीत धपाटा बसायचा. तिचं लग्न होऊन ती लोणखेड्याला गेली तेव्हा मी आठवडाभर केसांना फणी लावू दिली नव्हती. तिला मुलगा झाला, नथू. बाळंतपणानंतर तिच्या अंगात जो बारीक ताप राहिला तो राहिलाच, आणि पाठोपाठ खोकला. आमच्या घरात त्या रोगाचं नाव कोणी घेतलं नाही. 'बारीक ताप' एवढंच म्हणायचे. नंदुरबारच्या डॉक्टरांनी नाव घेतलं असावं, कारण आमचे वडील, आबा, त्यांच्याकडून आले ते सरळ गोठ्यात गेले आणि बराच वेळ बैलांपाशी उभे राहिले.

डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. मूल आईपासून वेगळं ठेवायचं, आणि आईला दोन महिने समुद्राच्या हवेवर न्यायचं. ताप उतरला तर मग मूल उचलायला हरकत नाही. नथू तेव्हा वर्षाचा होता. त्याला लोणखेड्याला त्याच्या आजीने, जिजीच्या सासूने, शेळीच्या दुधावर सांभाळलं. सासू वाईट नव्हती, हे आधीच लिहून ठेवते, कारण अशा गोष्टींत सासूला वाईट ठरवायची लोकांना फार घाई असते. जिजीला त्या सगळ्या बोलण्यातलं एकच वाक्य लागलं होतं: ताप उतरला की मूल उचलायचं. बाकी तिला समुद्राचं काय, आणि हवेचं काय!

डुमसचं घर आबांनी नंदुरबारच्या एका कापूसदलालाच्या ओळखीने मिळवलं. सुरतेचे पैसेवाले उन्हाळ्यात तिथे राहायला जातात, त्यांच्यातल्या एका शेटचं ते घर. भाडं इतकं कमी पडलं की आबा 'बंगला शे, बंगला' करत गावभर सांगत सुटले. इतकं कमी का, हे विचारायचं कोणालाही सुचलं नाही. पाटील माणूस, जमिनीचा तुकडा घेताना चार पिढ्यांची चौकशी करणारा. पण घर भाड्याने घ्यायचं ही गोष्टच आमच्या कुळात नवी होती. आमच्याकडे घर एकतर आपलं असतं नाहीतर दुसऱ्याचं. दोन महिन्यांपुरतं आपलं, असं घर आम्ही ऐकलंच नव्हतं.

मायला घर सोडता येईना, म्हणून जिजीबरोबर फुई आणि मी. फुई तरुणपणीच विधवा झालेली, आमच्याच घरी राहायची. तिने सामान बांधलं ते लढाईला निघाल्यासारखं. ज्वारीचं पोतं, उडीद, डाळी, लाल मिरच्या, बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, डबा, आणि गोधडीत गुंडाळलेलं मांडे भाजायचं मातीचं खापर. मी म्हटलं, "फुई, तठे मांडा कोन खाई?" ती म्हणाली, "आखाजी तठेच येई ना आपली. का समुद्रमा आखाजी ऱ्हात नही?" नंदुरबारहून सुरतेची गाडी, सुरतेहून टांगा. खापर फुईने मांडीवरून खाली ठेवलं नाही.

घर ठेंगणं, कौलारू, पुढे पश्चिमेला लांब ओसरी. भोवती सुरूची झाडं, आणि त्यांतून वारा गेला की एकसारखा सूं सूं आवाज. ओसरीच्या उजव्या टोकाला भिंतीला टेकून बसलं की तेवढ्या एका जागी समुद्राचा वारा नेमका अंगावर येई. जिजीने पहिल्याच दिवशी ती जागा हेरली. तिच्या डोक्यामागे भिंतीवर हाताच्या पंजाएवढा तेलकट डाग होता. आबांनी आम्ही यायच्या आधी घराला चुना मारून घेतला होता, तरी तो डाग चुन्यातून वर आला होता. मी रिठ्याच्या पाण्याने घासला, वर खडू फासला. चौथ्या दिवशी तो पुन्हा होता तसा. तेल चुन्यातून वर येतंच, त्यात नवल नाही; पुढे तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, तेव्हा कारणं मलाही कळली. पण तेव्हा मला एवढंच दिसलं, की जिजी टेकून बसली की तिचं डोकं बरोबर त्या डागावर येतं. बोटभरही इकडेतिकडे नाही.

तिथल्या विहिरीचं पाणी मचूळ. डाळ तासन्‌तास शिजेना आणि फुई चुलीपुढे बसून समुद्राचा उद्धार करी. घर राखायला मणीबेन म्हणून तिथलीच एक कोळीण होती. ती गावातून गोड्या पाण्याचा हंडा आणून द्यायची. आमच्या अहिराणीला गुजराती काही परकी नाही, त्यामुळे मणीबेनचं आणि फुईचं चांगलं जमलं. दोघी आपापल्या भाषेत एकमेकींना हवं ते ऐकवत. सकाळी जिजीला दूध आणि लोण्याची भाकरी, दुपारी वरण, संध्याकाळी वाळूत थोडं चालणं. तिसऱ्या आठवड्यात तिचे गाल भरले. काकणं मनगटावर फिरत होती ती थांबली. मी रोज सकाळी तिच्या कपाळाला हात लावून बघायची आणि फुईला खूण करायची. मला इतका आनंद कधी झाला नव्हता, आणि खरं सांगायचं तर पुढेही फारसा झाला नाही.

जिजी दिवसभर झबली शिवायची. नथूचं माप जवळ नव्हतं म्हणून ती माझ्या हातावर माप घ्यायची. निघताना त्याची पाठ माझ्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत भरत होती, असा तिचा हिशेब. मग दर आठवड्याला ती एक बोट वाढवी. "आते इतला व्हयना व्हई," म्हणायची, आणि माझ्या दंडावर सुईने हलकेच खूण करायची. मी ओरडले की म्हणायची, "हालू नको शेवू, माप चुकी."

दुपारी मात्र मला त्या घरात नको वाटायचं. जेवणं झाली की फुई आत लवंडायची. समुद्र लांब गेलेला असायचा. सुरू तेवढे वाजत राहायचे. जिजी भिंतीला टेकून डोळे मिटायची आणि अर्धवट झोपेत मध्येच विचारायची, "गाडी उनी का?" मी रस्त्याकडे बघायची. रस्ता रिकामा. "कोनी गाडी, जिजी?" ती डोळे उघडून म्हणायची, "मी काही बोलनू का?" हे रोज. आबा यायचे असतील म्हणून बोलत असेल, असं मी मनाला समजावलं. पण तिचा तो आवाज मला ओळखीचा वाटायचा नाही. बारीक, लांबून आलेला.

एकदा अशीच दुपार. मणीबेन हंडा ठेवून ओसरीच्या पायरीवर टेकली होती. जिजी झोपेत म्हणाली, "गाडी उनी का?" मणीबेनच्या हातातली चुंबळ खाली पडली. तिने मला खुणेने मागे विहिरीपाशी नेलं आणि म्हणाली, "बेटा, ए छोकरी पण एम ज पूछती. गाडी आवी? रोज बपोरे." ती मुलगीही असंच विचारायची, गाडी आली का, रोज दुपारी. मी विचारलं, कोण मुलगी? मणीबेनने आधी टाळाटाळ केली, मग सांगितलं. गेल्या उन्हाळ्यात अमदावादकडची एक मुलगी हवा बदलायला इथे आणून ठेवली होती. वय जिजीएवढंच. बरोबर एक स्वयंपाकीण. तिच्या माणसांनी आज येतो, उद्या येतो असं कळवलं, आणि कोणी आलं नाही. तिचं मूल घेऊन गाडी येईल म्हणून ती रोज त्या जागी बसायची. तिथेच गेली. त्याच्या आदल्या वर्षी एक म्हातारे मास्तर होते, त्याच्या आदल्या वर्षी आणखी कोणी. सगळे खोकणारे. "आ घर तो एमना माटे ज छे," मणीबेन म्हणाली. हे घर त्यांच्यासाठीच आहे.

त्या मुलीचं नाव तिला आठवत नव्हतं. सगळे तिला 'बेन' म्हणायचे.

मी हे कोणाला सांगितलं नाही. जिजीला सांगणं शक्यच नव्हतं; डॉक्टरांनी मन प्रसन्न ठेवा म्हणून बजावलं होतं. फुईला सांगितलं असतं तर तिने त्याच दिवशी खापर गोधडीत गुंडाळलं असतं, आणि जिजीचा ताप तर उतरत होता. म्हणून मी गिळून बसले. पण मला जिजीच्या डोळ्याला डोळा देता येईना. ती भिंतीला टेकली की मी आत निघून जायची. ती माप घ्यायला हात मागायची तेव्हा मी काहीतरी निमित्त काढून उठायची. त्यात लोणखेड्याहून तीन आठवडे पत्र नव्हतं. तिच्या नवऱ्याला लिहिता येत नव्हतं, आणि पत्र लिहून देणारा दीर लग्नांच्या वऱ्हाडांत गावोगाव फिरत होता, एवढंच कारण. ते आम्हाला नंतर कळलं. जिजी मात्र सगळं बघत होती: पत्र नाही, आणि शेवू तोंड चुकवते.

आखाजी आली. अक्षय्य तृतीयेला आमच्या खानदेशात आखाजी म्हणतात. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, शेतावरच्या सालदारांचं वर्ष त्या दिवशी सुरू होतं. आबा त्या सालदारांपायीच येऊ शकले नाहीत. आणि त्याच दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. नवी लाल घागर, तिच्या तोंडावर डांगर, म्हणजे खरबूज, एखादा आंबा, सांजोऱ्या. आणि निखाऱ्यावर तूप-घास घालून आगारी टाकतात. उन्हाळ्यात त्यांनाही तहान लागत असेल, एवढा साधा विचार. आमच्या घरच्या सगळ्यांच्या घागरी माय रनाळ्याला भरणार होती. डुमसला भरायची होती ती एकच, फुईच्या नवऱ्याची. फुई सतरा वर्षांची असताना ते गेले. मूलबाळ नाही, दिरांनी कधी आठवण काढली नाही. तिने भरली नाही तर त्यांना पाणी देणारं जगात दुसरं कोणी नव्हतं.

फुईने मला गावात कुंभाराकडे पाठवलं. मी मोठी घागर घेतली आणि तिच्या शेजारी एक धाकटी दिसली. ती का घेतली हे मी इतकी वर्षं स्वतःला विचारते आहे. भीती होती हे खरं. त्या मुलीला पाणी दिलं तर ती जिजीच्या जागेवरून उठेल, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. पण निव्वळ भीती नव्हती. तिचं नाव कोणाला आठवत नाही, तिच्या माणसांची गाडी आली नाही, तर तिची घागर कोण भरणार, हेही होतं. माझ्यापाशी मोठीपुरते पैसे उरले नव्हते, म्हणून धाकटी. एवढीच ती चूक. दुसऱ्या कोणत्याही मुलखात ती चूक चूकच ठरली नसती.

कारण आमच्या घरात धाकटी घागर भरतात ती लहान मुलाची. माझा एक भाऊ, गणू, सहा महिन्यांचा होऊन गेला होता. त्याची धाकटी घागर माय दर आखाजीला भरायची. ते मला माहीत होतं. स्वतःच्या नावाइतकं माहीत होतं, आणि तरी त्या सकाळी आठवलं नाही.

फुईने ओसरीत उजव्या टोकाला आपली घागर मांडली आणि ती पुरण बघायला आत गेली. जिजी न्हाणीत होती. मी धाकटी भरून फुईच्या घागरीमागे, भिंतीला लागून, त्या डागाखाली ठेवली. वर सुरूच्या झाडाखाली सापडलेलं एक रानफूल आणि अर्धी सांजोरी. हात जोडले आणि मनात म्हटलं, बेन, पाणी पी आणि जा. उठले तर मागे जिजी उभी. केस ओले, हातात नव्याने शिवलेलं झबलं.

"धाकली कोना नावनी शे?" तिने विचारलं.

मी काही बोलले नाही. तिने माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच हळूच म्हणाली, "आपला गणूनी ना?" मला तिने सुटायची वाट दाखवली होती. खोटं बोलण्यात मी पटाईत होते. शेजारच्यांच्या कैऱ्या पाडून सरळ चेहऱ्याने उभी राहायची. त्या दिवशी मात्र नुसती मान हलवली, तीही उशिरा. आणि आतून, चुलीपुढूनच, फुईचा आवाज आला, "गणूनी घागर तर तुन्ही माय घर भरस ना! दोन जागे भरतस का कोनी?" असं म्हणत ती हात पुसत बाहेर आली आणि धाकटी घागर बघून जागच्या जागी थांबली. तिलाही काही कळेना. तिने माझ्याकडे बघितलं, घागरीकडे बघितलं, आणि तोंडावर हात ठेवला. जिजीला तेवढं पुरे झालं.

"नथूनी शे," ती म्हणाली. विचारलं नाही. सांगितलं.

"नही जिजी, नही!" मी ओरडले. "मंग कोनी शे?" आणि मी पुन्हा गप्प. त्या क्षणी सांगितलं असतं की एक मुलगी इथे गेली, तू बसतेस तिथेच, तुझ्यासारखी खोकून खोकून, तर? मला ते तिच्या तोंडावर म्हणवलं नाही. तिचं भलं करायच्या नादात मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याइतकी लाज मला आयुष्यात दुसऱ्या कशाची वाटली नाही.

ती रडली नाही. आत गेली, झबली एका फडक्यात बांधली आणि दाराशी येऊन उभी राहिली. फुई विनवू लागली, पोरी, आबांना तार करू, दोन दिवस थांब, ऊन बघ केवढं. जिजी म्हणाली, "फुई, तू येस का मी एकली जाऊ?" मणीबेनने गावातून टांगा आणला. ओसरीसमोर घुंगरं वाजली आणि मणीबेन पटकन म्हणाली, "गाडी आवी, बेन." ते ती जिजीला म्हणाली की आणखी कोणाला, मला माहीत नाही. चुलीवरचं पुरण तसंच राहिलं. टांगा वळताना मी मागे बघितलं. दोन घागरी, आणि वर भिंतीवर तो डाग.

गाडीत मी सगळं सांगितलं. धीर गोळा व्हायला खांडबारा स्टेशन यावं लागलं. फलाटावर आदिवासी बायका पानांच्या द्रोणांत करवंदं विकत होत्या. जिजीला करवंदं फार आवडत, म्हणून मी एक द्रोण घेतला आणि तो तिच्या मांडीवर ठेवून एका दमात बोलले: मणीबेन, अमदावादची मुलगी, तिची गाडी, तिची घागर. "नथू बरा शे जिजी, तुन्ही आन. एक पोर मरी गयी व्हती तठे, तिनी घागर व्हती. मीच ठेवी." जिजीने सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "तू मन्हं मन राखी ऱ्हायनी, शेवू," म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघू लागली. खरं वाटलं असतं तेव्हा मी बोलले नव्हते, आणि बोलले तेव्हा ते खरं वाटेनासं झालं होतं. करवंदं तिने खाल्ली नाहीत. फुईने मात्र माझं ऐकून पदराने डोळे टिपले आणि माझा हात जो धरला तो नंदुरबारपर्यंत सोडला नाही.

रात्र नंदुरबार स्टेशनच्या बाकावर गेली, तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. उजाडताच ओळखीच्या एका माणसाची बैलांची दमणी मिळाली. वाटेत प्रकाशा गावाशी तापीत पाणी गुडघ्याएवढं होतं. काठावर कोणी कोणाच्या अस्थी घेऊन आलं होतं, मुंडण केलेली दोन माणसं पाण्यात उभी होती. जिजीने तोंड फिरवलं. ताप चढला होता. मी कपाळाला हात लावायला गेले तर तिने तो बाजूला केला. पाच आठवड्यांत अंगावर धरलेलं सगळं त्या एका दिवसात उतरल्यासारखं दिसत होतं.

लोणखेड्याला केळीच्या बागा मागे टाकून दमणी घरासमोर थांबली तेव्हा दुपार होती. अंगणात सासू खाटेवर कुरडया घालत होती. मी ते बघितलं आणि माझ्या जिवात जीव आला. ज्या घरातून मूल गेलं त्या घरात कोणी कुरडया घालतं का? पण जिजीला ते दिसलं नाही. ती उतरली आणि फाटकाशी उभी राहिली. "मन्हा पोऱ्या कठे शे?"

सासू चीक भरल्या हातांनीच उठली. तिला वाटलं सून बरी होऊन आली. "ये माय, ये," म्हणता म्हणता तिने जिजीचा चेहरा बघितला आणि थबकली. मग काही न विचारता आत गेली आणि नथूला कडेवर घेऊन आली. नुकता झोपेतून उठवलेला, केस उभे, गालाला गोधडीची नक्षी उमटलेली.

जिजीने दोन पावलं टाकली. मला वाटलं आता ती धावणार आणि आम्हाला कोणालाच तिला अडवता येणार नाही. ती आपणहून थांबली. सात-आठ हात अंतरावर. पदर तोंडावर धरला. वरून फक्त डोळे. पोराने त्या ओल्या, लाल डोळ्यांकडे बघितलं आणि भोकाड पसरलं. आजीच्या मानेत तोंड खुपसून तो असा रडायला लागला की शेजारच्या बाया बाहेर आल्या. सासू ओशाळली. "वयख नही ना त्याले, माय, म्हनीसन... चूप रे, तुन्ही माय शे ती, चूप." ती त्याला थोपटू लागली.

"रडू दे," जिजी पदराआडून म्हणाली. ती हसत होती. "रडू दे त्याले. रडी ऱ्हायना म्हंजे जित्ता शे."

झबली तिने ओट्यावर ठेवली. सासूने एक उचलून नथूच्या पाठीला लावून बघितलं. चार बोटं आखूड. "कितला मोठा व्हई गया वं," जिजी म्हणाली, आणि माझ्या हाताकडे बघून मान हलवली, जणू माप मीच चुकवलं होतं.

ती परत डुमसला गेली नाही. सासूने मळ्यातली खोली दिली, फुई तिच्यापाशी राहिली. रोज दुपारी नथूला समोरच्या ओट्यावर खेळायला सोडायचे आणि जिजी खोलीच्या दारात बसून बघायची. आषाढापर्यंत तो तिला ओळखायला लागला होता, लांबून हाका मारायचा. श्रावणात ती गेली. त्याला तिने उचललं नाही. एकदाही नाही.

आबा मला कधी रागावले नाहीत. फक्त एकदा, जेवताना, पानाकडे बघत म्हणाले, "आखो तीन आठवडा राहती तठे तर..." आणि उठून हात धुतला. ते 'तर' मला आजही ऐकू येतं. फुईचं म्हणणं वेगळं होतं. ती म्हणायची, जिजीचं काय व्हायचं ते कुठेही झालं असतं. पण ज्या पोरीची गाडी आली नाही तिने हिला गाडीत घालून लेकराकडे धाडलं. "तिनीच धाडं." मी विज्ञानाची मास्तरीण, असलं काही मानत नाही. तरी दर आखाजीला मी मोठ्या घागरींच्या शेजारी एक धाकटी भरते. कोणासाठी, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

नथू आता साठीच्या पुढे गेला. केस पांढरे झाले, मला भेटायला दर आखाजीला येतो. गेल्या खेपेला भिंतीला टेकून बसला असताना त्याचं लक्ष गेलं. "मावशी, हाई धाकली कोना नावनी?" तोच प्रश्न. या वेळी मी गप्प बसले नाही. समुद्रापासून कुरडयांपर्यंत सगळं सांगितलं. तुझ्या मायला ती तुझी वाटली, हेही सांगितलं. त्याने डोळे मिटले. मला वाटलं, म्हातारपणी मी या पोराला उगाच दुखावलं.

मग त्याने एवढंच विचारलं, "मंग मी रडनू का?"

"भलता रडना तू," मी म्हटलं. "गल्ली गोया व्हई गयी व्हती."

"बरं व्हयनं," तो म्हणाला, आणि धाकटी घागर उचलून पाणी भरायला गेला.